गोव्यात राहून आपली फोटोशैली कशी घडवायची

इंटरनेटवर गोवा शोधला की तेच दहा-बारा फोटो फिरून फिरून समोर येतात. पर्राचा माडांचा रस्ता, फोंतेन्हासमधली पिवळी भिंत, पणजीच्या चर्चच्या पायऱ्या, किनाऱ्यावर बुडणारा सूर्य. काढणारे वेगळे, फोटो एकच. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला हेच दिसणार, त्यात त्याचा काय दोष? पण तुम्ही फोंड्यात, डिचोलीत, म्हापशात किंवा पेडण्यात राहत असाल आणि तुमच्या फोनमध्येही हेच फोटो असतील, तर हाताशी असलेलं भांडवल तुम्ही वापरलेलंच नाही. पाहुण्याला उद्याची गाडी पकडायची असते. तुम्ही त्याच जागी उद्या परत जाऊ शकता, भर पावसात जाऊ शकता, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी जाऊ शकता. माझ्या मते इथल्या माणसाची शैली घडते ती ह्या परत जाण्यातून.

शैली म्हटलं की बऱ्याच जणांना फिल्टर आठवतो. विकतचा प्रीसेट लावला की फोटोचा रंग बदलतो, बघणं तेच राहतं. तुम्ही पुन्हा पुन्हा कशापाशी थांबता, किती अंतरावरून पाहता, कोणता उजेड तुम्हाला आवडतो, चौकटीबाहेर काय ठेवता, अशा निवडी साठत जातात आणि त्यांना वळण पडतं, हस्ताक्षराला पडतं तसं. ते वळण बहुतेकांच्या फोटोंत आधीपासून असतं, फक्त ओळखलेलं नसतं. पुढची पद्धत त्यासाठीच.

कॅमेरा कोणता? हा प्रश्न आधी संपवू

हातात असेल तो. फोनची मुख्य लेन्स साधारण 24 ते 26 मिमीच्या तोडीची असते, म्हणजे बऱ्यापैकी रुंद. कॅमेरा असेल तर 35 किंवा 50 मिमीची एक लेन्स पुरे. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभराचं बहुतेक काम 50 मिमीवर केलं. उलट अमेरिकन फोटोग्राफर सॉल लायटर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लांब पल्ल्याच्या लेन्सेस वापरून धुरकट काचा, छत्र्या आणि पाऊस टिपला. लेन्स कोणती घेता ह्याला फार महत्त्व नाही, ती न बदलता बराच काळ वापरता का ह्याला आहे. फोनवर मात्र ब्युटी मोड आणि रंग भडक करणारी सोय आधी बंद करा, नाहीतर तुमच्याऐवजी फोनची शैली घडेल.

पायरी पहिली: जुने फोटो छापून जमिनीवर मांडा

ही पायरी गाळू नका. लेखातली सगळ्यात कामाची हीच आहे, आणि सगळ्यात कंटाळवाणीही.

गेल्या दोन-तीन वर्षांतले पन्नास-साठ फोटो निवडा. लग्नं, वाढदिवस, सेल्फी, जेवणाची ताटं आणि प्रसिद्ध जागा बाजूला काढा. काढताना कुणी सांगितलेलं नव्हतं, नंतर कुणी कौतुकही केलं नाही, तरी तुम्ही पुसून टाकले नाहीत, असे फोटो हवेत. गावातल्या कुठल्याही स्टुडिओत चार बाय सहा इंचांत छापून घ्या. पडद्यावर बघून भागत नाही, कारण तिथे एका वेळी एकच फोटो दिसतो. आपल्याला सगळे एकदम बघायचे आहेत.

सोप्यावर किंवा हॉलमध्ये सगळे पसरा आणि विषय विसरून जा. झाड, मांजर, आजी, होडी, काहीही असो. आता वही घेऊन हे टिपा:

- उजेड कुठून येतोय? समोरून, बाजूने, की विषयाच्या मागून?
- किती जवळून काढलाय? हाताच्या अंतरावरून, खोलीच्या पलीकडून, की रस्त्याच्या पलीकडून?
- कॅमेरा कुठल्या उंचीवर होता? उभ्याने, बसून, की गच्चीवरून खाली बघत?
- माणसं समोर बघतायत की पाठमोरी आहेत? की नाहीतच?
- चौकट गच्च भरलीय की बरीच मोकळी सोडलीय?
- कुठला रंग परत परत येतो?

समजा एखाद्याच्या पन्नास फोटोंपैकी पंधरा दारा-खिडक्यांचे निघाले. तो म्हणेल, मला दारं आवडतात. पण नीट पाहिलं तर ते सगळे आतून बाहेर बघत काढलेले असतील, अर्धी चौकट काळोखात, बाहेर ऊन. मग दार हे निमित्त झालं. त्याला ओढ आहे ती आतल्या काळोखाला लागून असलेल्या उजेडाची. हे एकदा कळलं की तीच गोष्ट फेरीबोटीच्या केबिनमध्ये मिळते, देवळाच्या सभामंडपात मिळते, बाजारातल्या ताडपत्रीखाली मिळते आणि काजूच्या भट्टीतही मिळते.

शेवटी वहीत तीनच वाक्यं लिहा. ‘मी जवळून काढतो.’ ‘मला माणसांचे हात दिसतात, चेहरे नाहीत.’ ‘मला ढगाळ दिवस मानवतो.’ अशी साधी. इथे कवित्व करू नका, पुढे अडचण होते.

एक सावधगिरी. लोकांनी ज्या फोटोंना भरभरून पसंती दिली ते ह्या ढिगात घेऊ नका. लोकांना ओळखीचं आवडतं, आणि आपण नकळत तेच पुरवायला लागतो.

पायरी दुसरी: घराजवळची एक जागा धरा

स्कूटरने दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येईल अशी. दूरची, देखणी जागा नको, तिथे तुम्ही वारंवार जाणार नाही. जागेत थोडी हालचाल हवी आणि ऋतूप्रमाणे ती बदलायला हवी. फेरीचा धक्का, देवळाची तळी, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, गावचा तिठा, खाजनाचा बांध, हे सगळं चालेल. आजीचं घर तर फारच चांगलं.

खाजनाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण एका जागेचा अभ्यास म्हणजे काय हे तिथे लवकर कळतं. खाजन म्हणजे नदी-खाडीच्या काठची, भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली सखल जमीन. बांधात मानस असते, लाकडी झडपांचं दार. भरतीच्या दाबाने ते बंद होतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. दिवाडी, चोडण आणि सांतिस्तेव ह्या बेटांवर हे अजून बघायला मिळतं. आता फोटोच्या दृष्टीने बघा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज सकाळी सात वाजता काठोकाठ भरलेलं पाणी आणखी आठवड्याने त्याच वेळी ओसरलेलं असेल आणि वर चिखल, खेकड्यांची बिळं, बगळ्यांच्या पावलांचे ठसे असतील. सूर्य जवळपास त्याच जागी, पाणी मात्र निराळं. साधारण पंधरवड्याने दोघांची जोडी पुन्हा जुळते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाईलवर मिळतं, ते बघून जायची सवय लावा. ही माहिती मासे गरवणाऱ्याला असते, फोटो काढणाऱ्याला सहसा नसते.

पहिल्या काही फेऱ्यांत तुम्ही तेच फोटो काढाल जे कुणीही काढील. ते एकदाचे काढून मोकळे व्हा. त्यानंतर कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की माणूस मान वळवून दुसरीकडे बघतो. रायबंदर–चोडणच्या फेरीवर सगळे नदीकडे बघत फोटो काढतात. पाठ फिरवून डेकवर बघा. रॅम्प खाली येतो तेव्हा त्याच्या कडेवरून पाणी ओघळतं, लोखंडावर गंजाचे आणि रंगाचे थरावर थर असतात, स्कूटरवाले एक पाय खाली टेकून इंजिन चालू ठेवून थांबलेले, आणि पावसाळ्यात प्रत्येकाच्या रेनकोटचा रंग वेगळा. रॅम्प टेकायच्या आधीचे दहा-पंधरा सेकंद सगळ्यांची नजर एकाच दिशेला असते. फोटो त्या दहा-पंधरा सेकंदांत आहे.

पायरी तिसरी: गोव्याचा उजेड शिकून घ्या

फोटोग्राफीची बरीच माहिती युरोप-अमेरिकेतल्या उजेडावर बेतलेली असते. तिथे संध्याकाळचं तिरपं ऊन बराच वेळ रेंगाळतं. आपण साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहोत. सूर्य इथे झपकन चढतो आणि झपकन बुडतो. बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. त्यामुळे ‘सोनेरी तास’ हा आपल्याकडे धड तासभर नसतोच. आधी पोहोचा.

दुसरी गोष्ट, इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास, कारण भारतीय प्रमाणवेळ आपल्या पूर्वेच्या रेखांशावरून ठरते. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या सुमारास आणि सूर्यास्त सातनंतर. डिसेंबरात सूर्य जवळपास सातला उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तो खरोखर डोक्यावरून जातो. तेव्हा दुपारी माणसाच्या डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, सावल्या पायाखाली गोळा होतात. डिसेंबरात मात्र दुपारीही ऊन बरंच तिरपं असतं. म्हणून बाहेरचे दुपारचे फोटो काढायचे तर डिसेंबर-जानेवारीत. एप्रिल-मेच्या दुपारी घरात शिरा: राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकात, वरून पडलेलं ऊन चारी बाजूंच्या सोप्यांवर उसळतं आणि आतल्या माणसांचे चेहरे मऊ उजळतात. जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्या शिल्लक असतील तर तिथला उजेड दुधाळ असतो. त्या उजेडात माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, एका बाजूला वळवून बसवा. दुसरं काही करावं लागत नाही.

किनारा आपल्याकडे पश्चिमेला. त्यामुळे संध्याकाळी समुद्राकडे तोंड केलं की सूर्य समोर येतो आणि माणसं काळ्या आकृत्या होतात. तो फोटो फार झाला आहे. सकाळी जा. ऊन सह्याद्रीकडून, म्हणजे तुमच्या पाठीमागून येतं, पाणी फिकट असतं, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी माणसं दिसतात आणि पर्यटक झोपलेले असतात.

आता पाऊस. गोव्यात ज्याला शैली हवी त्याने जून ते सप्टेंबर घरात बसून काढू नये, एवढंच माझं ठाम मत. ढगाळ आभाळाखाली सावल्या नाहीशा होतात, भिजलेला जांभा गडद लाल होतो, शेवाळ उजळतं, भिंतीच्या पोपड्यांना खोली येते. तीन सूचना मात्र पाळा. एक, आभाळ चौकटीतून वगळा. ते फोटोत पांढरंफटक येतं आणि नजर तिथेच जाते. दोन, कॅमेरा असेल तर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारी काच, लेन्सवर लावा. लोकांना वाटतं तो निळ्या आकाशासाठी असतो, पण ओल्या पानांवरची चकाकी काढून खरा हिरवा वर आणायला तो जास्त उपयोगी. तीन, हिरव्यावर हिरवा काढू नका. पावसाळ्यातला गोवा इतका हिरवा असतो की फोटोत नुसता चिखल होतो. एखादी लाल छत्री, चुन्याची भिंत, तुळशीवृंदावनाचा निळा, असं काहीतरी सोबत घ्या.

उजेडाच्या मोजमापाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. कॅमेरा समोर दिसेल ते मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. म्हणून पांढरं चर्च मळकट येतं आणि तांबडी सुर्ल्याचं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ फिकट येतं. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) एका पायरीने वाढवा, काळ्यासाठी तेवढंच कमी करा. फोनवर विषयावर बोट दाबून धरलं की उजेड तिथे अडकवता येतो आणि बोट खाली-वर सरकवून कमीजास्त करता येतो.

पायरी चौथी: एक महिना, एक बंधन

जमिनीवर मांडलेल्या फोटोंतून जी तीन वाक्यं निघाली त्यांतलं एक घ्या आणि त्याला नियम करा. जवळून काढता? मग महिनाभर दोन हातांपेक्षा दूरचं काही काढायचं नाही. पाठमोरी माणसं आवडतात? मग चेहरे बंद. सगळं आडवं काढता? आडवंच, पण कॅमेरा कमरेच्या उंचीवर. एकाच वेळी दोन नियम नकोत. महिना संपेपर्यंत नियम मोडावासा वाटेल अशा जागा सापडतील. मोडू नका, पण कुठे वाटलं ते लिहून ठेवा.

गच्च चौकट आवडते की मोकळी, हे ज्यांना ठरवता येत नाही त्यांनी फोटोंऐवजी चित्रं बघावीत. लोटलीचे मारियो मिरांडा यांच्या रेखाटनांत कोपरान् कोपरा भरलेला असतो. बाल्कनीत बाई, खाली कुत्रा, मागे पाव विकणारा पोदेर, आणि तरी गोंधळ होत नाही. मूळच्या गोमंतकीय कुटुंबातले वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर जवळपास काहीच नसतं, रंगाचे थर आणि त्यांत तरंगणारे आकार. दोघांची चित्रं शेजारी ठेवून पाच मिनिटं बघा. कुठल्या चित्रापाशी श्वास मोकळा होतो ते शरीर सांगतं. फोटोग्राफरांपैकी रंगासाठी रघुबीर सिंह आणि चौकोनी, कृष्णधवल, शांत खोल्यांसाठी दयानिता सिंह. ह्यांचं काम सावकाश बघा, आठवड्याला एकाच माणसाचं. नक्कल जरूर करा, शिकण्यासाठी ती चांगली, फक्त ती स्वतःच्या खात्यावर आपली म्हणून मांडू नका.

पायरी पाचवी: एकाच वस्तूपाशी बराच वेळ

सौंदर्य सापडणं म्हणजे काय ह्याचा सराव करायचा तर माटोळीइतकी चांगली शाळा नाही. चतुर्थीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं-पानं बांधतात. कवंडळं, कांगलं, माट्टीची फळं, घागऱ्या, आंबाडे, सुपारीची कात्रं, असोले नारळ, चिबूड. बहुतेक लोक दारात उभे राहून गणपती आणि माटोळी दोन्ही एका फोटोत घेतात आणि दोन्ही लहान येतात.

असं करून बघा. चवथीच्या आदल्या संध्याकाळी, बांधाबांध चालू असताना पोहोचा. घरच्यांना विचारून ट्यूबलाईट बंद करा. ट्यूबचा हिरवट उजेड आणि दारातला निळसर उजेड मिसळला की कुठल्याही सेटिंगने फळांचे रंग नीट येत नाहीत. दाराचा उजेड एकटा ठेवा. जमिनीवर उताणे पडा आणि वर बघा. आता चौकटीच्या पट्ट्या तिरप्या रेषा होतात आणि फळं आभाळातून लोंबल्यासारखी येतात. मग एकाच गाठीपाशी जा: केळीच्या सोपाचा दोर, त्यात अडकवलेलं कवंडळ. त्याचा भगवा एका बाजूने उजळलेला आणि दुसऱ्या बाजूने जवळपास तपकिरी. देठाला सकाळच्या पावसाचा थेंब. मागे बांधणाऱ्याचा अंगठा, त्यावर चिकाचा डाग. अंगठ्यावर फोकस ठेवून एक, फळावर ठेवून एक. दोन्हींत वेगळी गोष्ट आहे, आणि तुम्ही कुठला ठेवता त्यावरून तुमच्याबद्दल बरंच कळतं. मी अंगठ्याचा ठेवीन.

पायरी सहावी: माणसं

परवानगीवर लोक लांबलचक बोलतात. मुद्दा साधा आहे. आधी बोला, मग कॅमेरा काढा. बाजारात मासळीवालीसमोर उभं राहून ‘मावशे, एक फोटो काडूं?’ एवढं विचारलं तर बहुतेक वेळा हसून होकार येतो, क्वचित ‘आदीं नुस्तें घे’ (आधी मासे घे) असं उत्तर मिळतं. तेही रास्त आहे, घ्या. नाही म्हटलं तर मान डोलावून पुढे जा, लांबून झूम करून काढू नका. मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय काढू नका. देवळांत आत फोटोला बहुतेक ठिकाणी मनाई असते, पाटी वाचा आणि शंका असेल तर पुरोहितांना किंवा देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांना विचारा. फोंतेन्हासमध्ये रहिवाशांनी घरांबाहेर फोटो काढू नका अशा पाट्या लावल्या आहेत. लोकांच्या उंबरठ्यावर कपडे बदलून पोझ देणाऱ्यांचा तो परिणाम. आपण त्यांत भर घालायची गरज नाही.

आणि छापील फोटो परत नेऊन द्या. दुसऱ्या खेपेला तुम्हाला कुणी परकं समजत नाही. तिसऱ्या खेपेला लोक तुमच्याकडे लक्ष देईनासे होतात, आणि चांगले फोटो तिथून सुरू होतात.

शिगम्यात, म्हणजे गोव्याच्या वसंतातल्या उत्सवात, प्रश्न वेगळा असतो. गर्दी, काळोख, दिवे, सगळं हलतंय. घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच) गोठवायची तर शटर 1/500 किंवा त्याहून वेगवान हवं, आणि संध्याकाळी त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) बराच चढवावा लागेल. दुसरा रस्ता म्हणजे 1/30 वर ठेवून नाचणाऱ्याच्या वेगाने कॅमेरा फिरवणं: चेहरा कसाबसा स्पष्ट, बाकी रंगांच्या रेघा. बरेच फोटो वाया जातील. दोन्ही प्रकार आलटून पालटून काढत बसू नका. एक शिगमो पूर्ण एका पद्धतीने काढा.

पायरी सातवी: निवड

फोटोग्राफर कॅमेऱ्यामागे जितका घडतो तितकाच टेबलाशी. काढल्या दिवशी निवडू नका. त्या दिवशी तुम्हाला फोटो दिसत नाही, तो मिळवताना भिजलात ते आठवतं. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मग महिन्याभराच्या फोटोंतून तीस काढा, छापा आणि तिसातून बारा निवडा.

बाराची निवड करताना ‘सगळ्यात चांगले बारा’ असं धरू नका. एकमेकांशी बोलणारे बारा हवेत. एखादा फोटो एकटा फार सुंदर असतो आणि ओळीत ठेवला की बाकीच्यांना गप्प करतो. तो बाजूला काढा, कितीही जिवावर आलं तरी. मग क्रम लावा. फेरीच्या रॅम्पवरून ओघळणारं पाणी आणि घराच्या पागोळ्या शेजारी ठेवल्या तर काय होतं? लाल रेनकोट आणि कवंडळ? रंगाने जोडा, आकाराने जोडा, उजेडाच्या दिशेने जोडा. तारखेप्रमाणे लावलेली ओळ बहुधा सपाट वाटते.

निवडलेले बारा अशा माणसाला दाखवा ज्याला फोटोग्राफी कळत नाही पण जो खरं बोलतो. कुठला चांगला हे विचारू नका. कुठला आठवतो हे दुसऱ्या दिवशी विचारा.

रंगकाम

इथे कमी बोलतो कारण इथे कमीच करायचं आहे. बाराही फोटोंवर एकसारखे, थोडेसे बदल: उजेड, काळोखाची खोली, पांढऱ्याचा तोल. संपृक्ततेची (रंगांच्या भडकपणाची) पट्टी उजवीकडे ओढायचा मोह गोव्यात सगळ्यात जास्त होतो. समुद्र निळाशार आणि भात पोपटी झालं की फोटो हॉटेलच्या माहितीपत्रकातला वाटायला लागतो. कृष्णधवल करायचं असेल तर काढतानाच पडदा कृष्णधवल ठेवा. फसलेल्या रंगाला लपवायला केलेलं कृष्णधवल लगेच ओळखू येतं.

पावसात कॅमेरा सांभाळणं

हे विसरलात तर बाकी सगळं व्यर्थ. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सच्या काचेत बुरशी येते आणि एकदा खोल शिरली की साफ होणं कठीण. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कॅमेरा ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं लहानसं मापक. आकडा 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास राहू द्या. रंग बदलणारे दाणे असतील तर रंग उतरल्यावर गरम करून पुन्हा वापरता येतात. आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा. एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून बाहेर आलात की काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका, कॅमेरा बंद पिशवीतच बाहेरच्या हवेशी जुळू द्या, वीसेक मिनिटं लागतात. किनाऱ्यावरून आल्यावर किंचित ओलसर फडक्याने बाहेरून खारं पुसून घ्या, मग कोरड्याने.

वळण पडल्यावर

वर्षभरात हातात चार-पाच अशा बारांच्या ओळी जमतील. त्या एकत्र मांडल्या की एक गोष्ट जाणवेल, आणि ती नेहमी आनंदाची नसते: तुम्ही तोच फोटो पुन्हा पुन्हा काढताय. काही जणांसाठी ते ठीक असतं. ज्याला खाजनाचा बांध दहा वर्षं पुरतो त्याने तो सोडू नये. पण बघताना तुम्हालाच पुढचा फोटो काय असेल ते कळत असेल, तर बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट उलटी करा. जागा तीच, उजेड तोच, फक्त पाठमोऱ्या माणसांच्या समोर जाऊन उभं राहा. किंवा माणसं तीच, पण पावसाळ्याऐवजी मेच्या दुपारी. जागा, लेन्स, रंग आणि अंतर सगळं एकदम बदलू नका, म्हणजे कशाने फरक पडला ते पुढच्या निवडीच्या वेळी टेबलावर दिसेल.